दोष लोण्याचा नाही

गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. गिरगावातल्या चाळीच्या चौकात हंडीचे दोर बांधले जात असतात, ढोलांचा पहिला ठेका कानी पडतो. दुसऱ्या मजल्यावरच्या एखाद्या बिऱ्हाडात आदल्या रात्री बाळकृष्णापुढे नैवेद्य म्हणून ठेवलेला लोण्याचा गोळा फ्रीजमधून बाहेर येतो. घरचे लोणी, सायीला विरजण लावून घुसळलेले. आजी कौतुकाने ते नातवाच्या पावाला लावू पाहते. पण रात्रभराच्या थंडीने लोणी दगडासारखे झालेले असते. सुरी दाबावी तर पाव फाटतो, हलक्या हाताने फिरवावी तर लोण्याचे नुसते ढेकूळ पुढे सरकते. दोन-चार मिनिटे वाट पाहून नातू म्हणतो, "आजी, राहू दे. ते डब्यातलं दे ना, ते पटकन लागतं."

डब्यातले ते बहुधा लोणी नसतेच. खाद्यतेलापासून तयार केलेला, लोण्यासारखा दिसणारा तो एक स्निग्ध पदार्थ असतो. फ्रीजमधून काढल्याक्षणी पावावर पसरावा, एवढ्यासाठीच त्याची घडण झालेली असते. बाळकृष्णाला वाहिलेले लोणी वाटीत राहते आणि कारखान्यातला डबा न्याहारी जिंकतो. दादर, परळ, लालबागच्या अनेक घरांत थोड्याफार फरकाने हेच चित्र आहे. ही हार चवीची नाही. चाखून पाहण्याची वेळ येण्यापूर्वीच घरचे लोणी बाद झालेले असते, आणि तेही पसरत नाही एवढ्याच कारणासाठी. म्हणून प्रश्न वरवर क्षुल्लक दिसला तरी त्याचा शोध घेणे अगत्याचे आहे. लोणी पसरत नाही, हा दोष लोण्याचा की ते हाताळणाऱ्यांचा?

नवनीत आणि मस्का

'लोणी' हा शब्द 'नवनीत' या संस्कृत शब्दापासून आला. 'नवनीत' म्हणजे नुकतेच काढलेले. ताजेपणा हा लोण्याचा एखादा गुण नव्हे, ती त्याची व्याख्याच आहे, हे या नावातच सांगितलेले आहे. परशुरामपंत तात्या गोडबोले यांनी जुन्या मराठी कवितेतील वेचे निवडून १८५४ साली जो संग्रह सिद्ध केला, त्याला 'नवनीत' हेच नाव दिले. काव्यसागर घुसळून वर आलेले सार, ही कल्पना त्या काळच्या वाचकाला समजावून सांगावी लागली नाही. घरोघरी रवी फिरत होती. कढवताक्षणी वाढलेले तूप ते 'लोणकढे', आणि तितकीच ताजी, बेमालूम थाप ती 'लोणकढी थाप'. दुसऱ्याच्या दुःखातही स्वतःचा लाभ पाहणाऱ्यासाठी मराठीने मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाण्याची जळजळीत प्रतिमा घडवली. ज्या पदार्थाभोवती भाषा इतकी खेळते, तो पदार्थ त्या समाजाच्या रोजच्या जगण्यातलाच असला पाहिजे.

मुंबईने या शब्दसंपत्तीत दोन शब्दांची भर घातली. पहिला 'मस्का'. हा मूळचा फारसी शब्द इराण्यांच्या हॉटेलांतून मुंबईच्या बोलीत रुळला. धोबीतलावचे १९०४ चे कयानी, ग्रँट रोड स्थानकासमोरचे १९१४ चे मेरवान अशा ठिकाणांनी गिरगावकरांच्या कित्येक पिढ्यांना ब्रून-मस्क्याची गोडी लावली. दुसरा शब्द 'पॉल्सन'. वरिष्ठांची खुशामत करणाऱ्या कारकुनाला जुने मुंबईकर 'साहेबाला पॉल्सन लावतो' असे म्हणत. एका व्यापारी मालाचे नाव थेट वाक्प्रचारात जाऊन बसले. मुंबईचे लोणी कोणत्या वळणाने गेले, हे समजून घ्यायचे तर या पॉल्सनपासूनच आरंभ करावा लागतो.

गोठ्यांचे शहर

मुंबई हे एके काळी गोठ्यांचेही शहर होते. ज्या मैदानावर १९४२ च्या ऑगस्टमध्ये 'छोडो भारत'ची घोषणा झाली, त्या गवालिया टँकचे नावच मुळी तेथील तलावावर गुरे धुवायला आणणाऱ्या गवळ्यांवरून पडले. शहराच्या दाट वस्तीत म्हशींचे तबेले होते आणि दूध दारात येत होते. स्वातंत्र्यानंतर आरोग्याच्या आणि स्वच्छतेच्या विचाराने हे तबेले हलवण्याचे ठरले. गोरेगावनजीकची आरे दुग्धवसाहत उभी राहिली. १९५१ मध्ये पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. आरेच्या केंद्रांवर पहाटे लागणाऱ्या रांगा आणि बाटल्यांचा किणकिणाट ही पुढच्या पिढीच्या मुंबईकरांची आठवण झाली. त्यातून शहराला भेसळमुक्त दूध मिळाले, हे निर्विवाद. मात्र दूध, दही, लोणी आणि ताक या सगळ्यांसह दारात येणारा गवळी हळूहळू दिसेनासा झाला. दूध सरकारी झाले आणि लोणी गृहिणीच्या सायीवर उरले.

बाजारातले लोणी तोवर पॉल्सनचे झाले होते. पेस्तनजी एदलजी दलाल या मुंबईकर पारशी उद्योजकाने हा व्यवसाय उभारला. त्यांचे लाडके नाव 'पॉली'. त्यावरून, इंग्रजी कानांना आपलेसे वाटेल असे 'पॉल्सन' हे नाव त्यांनी योजले. १९३० च्या सुमारास गुजरातेत आणंद येथे त्यांची आधुनिक डेअरी सुरू झाली. माणूस देशी, दूध देशी, कामगार देशी. पण मालाला नाव मात्र साहेबी. त्या काळच्या बाजाराचे मानसशास्त्र पेस्तनजींनी अचूक ओळखले होते. त्यांच्या उद्यमशीलतेला यामुळे कमीपणा येत नाही. उलट, गिऱ्हाईक कोणत्या नावाला भुलत होते, याचा तो एक दाखला आहे.

पिवळ्या रंगाची सक्ती

पुढचा इतिहास सर्वपरिचित आहे. मुंबईच्या दूध योजनेसाठी खेडा जिल्ह्यातील दूध पॉल्सनमार्फत येऊ लागले, शेतकऱ्याला मात्र रास्त भाव मिळेना. सरदार पटेलांच्या सल्ल्याने, मोरारजी देसाई यांच्या पाठिंब्याने आणि त्रिभुवनदास पटेलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी पंधरा दिवस दूध घातले नाही. त्यातून १४ डिसेंबर १९४६ रोजी खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची नोंदणी झाली. हिवाळ्यात दूध वाढे. एवढे सगळे दूध मुंबई घेऊ शकत नसे. शिल्लक दुधाचे करायचे काय, या विवंचनेतून ऑक्टोबर १९५५ मध्ये आणंदला लोणी आणि दूध भुकटीचा कारखाना सुरू झाला. आज देशभर पोचलेल्या 'अमूल' लोण्याच्या जन्मामागे मुंबईच्या बाजाराची ही मर्यादाही होती.

या कथेतील एक प्रकरण विशेष विचार करण्यासारखे आहे. डॉ. व्हर्गीस कुरियन यांनी आपल्या आठवणींत ते सांगितले आहे. पॉल्सनचे लोणी साठवून आंबलेल्या सायीचे, खारट आणि पिवळे असे. अमूलचे लोणी ताज्या सायीचे; म्हशीच्या दुधाचे असल्याने पांढरे आणि सौम्य. गिऱ्हाइकाला ते पचेना. त्याच्या लेखी लोणी म्हणजे पिवळे आणि खारट. अखेर अमूललाही मीठ आणि रंग घालावा लागला. गायीच्या दुधात कॅरोटिन उतरते, म्हणून तिचे लोणी निसर्गतः पिवळसर असते. म्हैस त्या कॅरोटिनचे 'अ' जीवनसत्त्वात रूपांतर करते, म्हणून तिचे लोणी शुभ्र. म्हणजे पांढरा रंग हे सत्त्वहीनतेचे लक्षण नव्हतेच. तरीही म्हशीच्या लोण्याला गायीच्या लोण्याचे सोंग घ्यावे लागले, कारण नमुना विलायतेतल्या न्याहारीच्या टेबलावरचा होता. परकी सत्ता १९४७ मध्ये गेली. लोण्याचा रंग कोणता असावा, याविषयीचा तिचा निकाल मात्र कायम राहिला.

येथे न्यायबुद्धीने आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. पॉल्सनच्या आंबूस वासाची ओढ ही सर्वस्वी साहेबाची नक्कल नसावी. घरचे मराठी लोणीही विरजणाचेच असते. सायीला दही लावून, ती आंबवून मग घुसळली जाते. त्या विरजणाचा मंद आंबूस दरवळ हाच घरच्या लोण्याचा प्राण. विरजण न लावलेल्या ताज्या सायीच्या लोण्यात तो नसतो. मुंबईकर जिभेला जे उणे वाटले, त्यात आईच्या हातच्या लोण्याचीही आठवण मिसळलेली असू शकेल. युरोपातही फ्रान्स, डेन्मार्क हे देश परंपरेने आंबवलेल्या सायीचेच लोणी करत आले. त्या अर्थाने विरजणाचे लोणी ही मागासलेली रीत नाही. जगातल्या उत्तम लोण्यांच्या पंक्तीत बसणारी ती रीत आहे. फरक इतकाच की त्यांनी आपल्या रीतीचा अभिमान बाळगला आणि येथे ती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तूप कढवण्यापुरती उरली.

प्रश्न थंड पावाचा

आता मूळ प्रश्नाकडे. लोणी पसरत का नाही?

लोण्यातील स्निग्धांश एकजिनसी नसतो. त्यातील काही घटक शून्याखालीही पातळ राहतात, तर काही पस्तीस अंशांच्या पुढे जाईपर्यंत पुरते वितळत नाहीत. फ्रीजमधल्या चार-पाच अंशांवर यातला निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक भाग घट्ट स्फटिकरूपात असतो आणि त्या स्फटिकांची एकमेकांत गुंतलेली जाळी तयार झालेली असते. सुरी अडते ती या जाळीवर. पंधरा ते वीस अंशांच्या दरम्यान घट्ट आणि पातळ भागांचे प्रमाण असे साधते की लोणी आकार धरते आणि पसरतेही. तिसाच्या पुढे ते तेलकट होऊन ओघळू लागते. म्हशीच्या लोण्यात उशिरा वितळणारे घटक गायीच्या लोण्यापेक्षा अधिक, म्हणून ते अधिक घट्ट. जनावराच्या चाऱ्याचाही परिणाम असतो: हिरव्या चाऱ्यावरच्या दुधाचे लोणी मऊ, सरकीच्या पेंडेवरच्या दुधाचे कडक.

मुंबईची अडचण येथे स्पष्ट होते. इंग्रजी पाककृतींत 'लोणी घरच्या तापमानाला आणावे' असे बिनदिक्कत लिहिलेले असते, कारण तिकडचे घर बहुतेक वर्षभर वीस अंशांच्या आतबाहेर असते. मुंबईत जानेवारीतल्या पहाटेचा अपवाद वगळला तर घराचे तापमान पंचविशीच्या खाली क्वचितच उतरते. म्हणजे मुंबईकर लोण्याला दोनच ऋतू माहीत: फ्रीजमधला कडाका आणि फ्रीजबाहेरचा उन्हाळा. मधला सुखाचा टप्पा येतो, पण थोड्या मिनिटांपुरता. तो साधणे हीच सारी कला.

मग फ्रीज नव्हते तेव्हा काय होत असे? तेव्हा हा प्रश्नच नव्हता. लोण्याचा गोळा गार पाण्यात सोडून, भांडे झाकून शिंक्यावर ठेवायचा, पाणी रोज बदलायचे. ते मऊच राही आणि दोन-तीन दिवसांत संपे वा कढे. फ्रान्समध्येही लोणी भरलेली वाटी पाण्यावर उपडी ठेवण्याची खास मातीची भांडी असतात. लोण्याला हवेपासून वाचवणारा आणि थोडा गारवा देणारा पाण्याचा हा उपाय दोन दूरच्या स्वयंपाकघरांनी स्वतंत्रपणे शोधला, असे दिसते. न्यूझीलंडमध्ये तर फ्रीजमध्येच लोण्यासाठी किंचित उबदार ठेवलेला वेगळा कप्पा असे. लोण्याने आपला स्वभाव बदलावा असा हट्ट न धरता भांड्याने आणि यंत्राने लोण्याची सोय पाहावी, हा विचार तेथील लोकांनी केला.

मराठी स्वयंपाकघराने याहूनही सोपा मार्ग काढला होता. त्याने ऊब लोण्याला दिली नाही, लोण्याखालच्या अन्नाला दिली. तव्यावरून उतरलेली ज्वारीची वा तांदळाची भाकरी, भोके पाडून खरपूस भाजलेले थालीपीठ, वाफाळते घावन. यावर लोण्याचा गोळा ठेवला की तो स्वतःच विरघळत, वाट काढत पसरतो. तेथे सुरीला काम नाही, मनगटाला श्रम नाहीत. थालीपिठाच्या मधल्या भोकात तेल सोडले जाते तव्यावर, आणि लोणी विसावते ताटात. दादरच्या 'आस्वाद' किंवा 'प्रकाश'मध्ये थालीपिठाबरोबर येणारा पांढरा गोळा पाहून कोणी सुरी मागत नाही. लालबाग-परळच्या गिरणगावात, १९८२ चा संप होण्यापूर्वी, खानावळीतल्या कामगारापुढे येणारी भाकरीही तव्यावरचीच असे. लोणी पसरवण्याचा प्रश्न आला तो थंड पावाबरोबर. थंड पाव आणि थंड लोणी हा मेळ मुळात या मातीतला नव्हे. इराण्याचा ब्रून सुद्धा गरम चहात बुडवूनच खायचा. मस्का मऊ होई तो चहात.

हाताला यावी अशी रीत

तथापि पाव आता मुंबईच्या न्याहारीतून जाणार नाही आणि जावा असेही नाही. वडापाव ज्या शहराने जगाला दिला, त्याने पावाला परका म्हणणे हास्यास्पद ठरेल. तेव्हा पाव राहणार आणि लोणीही राहिले पाहिजे, हे गृहीत धरून काही साध्या रीती पुन्हा हाताला वळण म्हणून लावून घ्याव्या लागतील.

पहिली रीत घुसळण्याची. विरजलेली साय फार गार असेल तर लोण्याचे कण बारीक, कोरडे राहतात आणि गोळा लवकर जमत नाही. फार कोमट असेल तर लोणी तेलकट होते आणि बराचसा स्निग्धांश ताकात निघून जातो. मिक्सरमध्ये मूठमूठ बर्फ टाकण्याची सवय म्हणूनच आवरली पाहिजे. माठातल्या पाण्याइतका गारवा पुरेसा असतो. बर्फ लागलाच तर मुंबईच्या एप्रिल-मेमध्ये, तोही बेताने. कण ज्वारीच्या दाण्याएवढे झाले की थांबावे, गोळा जमवावा आणि पाणी स्वच्छ निघेपर्यंत दोन-तीनदा गार पाण्याने धुवावा. ताकाचा अंश राहिला की लोणी लवकर खवट होते.

दुसरी रीत ठेवण्याची. सगळा गोळा एकाच डब्यात कोंबण्याऐवजी दोन दिवसांचे लोणी वेगळ्या, पसरट, घट्ट झाकणाच्या वाटीत फ्रीजच्या दारात ठेवावे. तेथे गारवा आतल्यापेक्षा थोडा कमी असतो. उरलेले खाली थंडाव्यात ठेवावे किंवा वेळेवर कढवावे. लोणी शेजारच्या पदार्थाचा वास पटकन ओढून घेते, म्हणून झाकण महत्त्वाचे. मीठ नसलेले लोणी मीठ घातलेल्या लोण्याइतके टिकत नाही, हे ध्यानात ठेवून थोडे आणि वरचेवर करावे. 'नवनीत' या शब्दाचा अर्थही तोच आहे.

तिसरी रीत वाढण्याची, आणि खरी किल्ली तीच. चहाचे आधण ठेवताना लागेल तेवढेच लोणी बाहेर काढावे. गोळा अख्खा न ठेवता त्याचे पातळ काप करून ताटलीत पसरावेत. जाड गोळ्याच्या आत ऊब शिरायला वेळ लागतो, पातळ कापात ती लगेच पोचते. उन्हाळ्यात दहा मिनिटे, पावसाळ्यात आणि हिवाळ्यात पंधरा-वीस मिनिटे पुरतात. मग चमच्याच्या पाठीने लोणी ताटलीतच रगडून घ्यावे. याला शास्त्रीय आधार आहे: रगडल्याने स्फटिकांची जाळी मोडते आणि त्याच तापमानाला लोणी पुष्कळ मऊ होते. घाईत गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये वितळवू नये. वितळलेले लोणी पुन्हा गार झाले की पूर्वीचे राहत नाही. रवाळ, तेलकट होते. शेवटी पाव किंचित शेकावा. शेकलेला पाव फाटत नाही आणि भाकरीचा धर्म थोडासा का होईना, पाळतो.

या सगळ्याला लागतात फक्त पंधरा मिनिटे, आणि तीही बसून राहण्याची नव्हेत. आंघोळ, पूजा, वर्तमानपत्र यांच्या मागे लोणी आपोआप मऊ होत असते. लोण्याची आठवण पंधरा मिनिटे आधी यायला हवी, एवढेच. घड्याळाच्या काट्यावर धावणाऱ्या, आठ अमुकची लोकल पकडणाऱ्या शहराला नेमके तेच अवघड जाते.

आक्षेप आणि उत्तरे

यावर काही आक्षेप येतील, आणि ते टाळता येणारे नाहीत. पहिला आक्षेप श्रमांचा. घुसळणीची गोडवी गाणाऱ्या लेखण्या बहुधा पुरुषांच्या हाती राहिल्या. रवीची दोरी मात्र स्त्रियांच्या तळहातांवर घट्टे पाडत आली. डेऱ्याचे ते दिवस परत यावेत असे कोणी सुज्ञ म्हणणार नाही. पण आज घुसळण मिक्सरमध्ये पाच-सात मिनिटांची आहे, आणि ती घरातील मुलाने किंवा वडिलांनी केली तर लोणी येण्याचे थांबत नाही. परंपरा टिकवायची म्हणजे तिचे ओझे एकाच्याच डोक्यावर ठेवायचे, असा अर्थ कुठल्याही घराने करू नये.

दुसरा आक्षेप दुधाचा. पिशवीतल्या दुधावर साय येतेच कुठे? तक्रार खरी आहे. टोन्ड दुधात स्निग्धांश तीन टक्के, तर मलईयुक्त दुधात सहा टक्के असतो. शिवाय होमोजिनाइज्ड दुधात स्निग्धकण इतके बारीक केलेले असतात की ते वर येऊन साय धरत नाहीत. ज्या घराला लोणी हवे, त्याने पिशवीवरची अक्षरे वाचून दूध घ्यावे. मलईयुक्त दुधाच्या एका लिटरमधला सगळा स्निग्धांश हाती आला असता, तर पाऊणशे ग्रॅमच्या आसपास लोणी झाले असते. घरी सायीतून तेवढे निघत नाही, तरी आठवडाभराची साय साठवली की रविवारच्या थालीपिठांची सोय नक्की होते.

तिसरा आक्षेप प्रकृतीचा. लोणी हे स्निग्धच आहे. दहा ग्रॅमच्या चमच्यात सत्तरेक कॅलरी असतात आणि हृदयविकाराच्या रुग्णाने डॉक्टरांचेच ऐकावे. मात्र लोण्याच्या भीतीने ज्या डब्याकडे वळावे, त्यावरचे घटक तरी वाचावेत. कायद्यानुसार खाण्याच्या लोण्यात किमान ऐंशी टक्के दुधाचा स्निग्धांश, सोळा टक्क्यांपर्यंत पाणी आणि तीन टक्क्यांपर्यंत मीठ असू शकते. पांढऱ्या लोण्यात स्निग्धांश किमान शहात्तर टक्के. खाद्यतेलापासून केलेल्या पदार्थाला वेष्टनावर 'फॅट स्प्रेड' असेच म्हणावे लागते. ती अक्षरे बारीक असतात आणि शेजारी लोण्याच्या लादीचे चित्र मोठे असते. शिवडीला १९३० च्या दशकात वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, तेव्हापासून दुधावाचून दुधाचा आभास देण्याची ही विद्या मुंबईला परिचित आहे. त्या तुपातल्या ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा यायला मात्र २०२२ साल उजाडावे लागले.

चौथा आक्षेप असा की अमूल हेही स्वदेशीच, शेतकऱ्यांचेच. मग पांढऱ्या लोण्याचा आग्रह का? अमूलशी भांडण असण्याचे काहीच कारण नाही. खेड्यातल्या उत्पादकाला बाजारात मानाने उभे करणारी ती संस्था आहे. कोल्हापूरच्या 'गोकुळ'ने आणि वारणेने महाराष्ट्रात तोच मार्ग चोखाळला. आग्रह आहे तो एवढाच, की देश मोठा आहे आणि त्याच्या लोण्याची चव एकच असू नये. सहकारी संस्थेची लादी घरात असावी आणि आठवड्यातून एकदा घरचा किंवा जवळच्या डेअरीतला पांढरा गोळाही असावा. ज्यांना घरी करणे जमत नाही, त्यांनी दादरच्या बाजारात, लालबागच्या डेअरीत, बचतगटाच्या विक्री केंद्रावर पांढरे लोणी मागावे. ते केव्हा काढले, कोणत्या दुधाचे, हे विचारावे. मागणी असेल तर माल येतो. कोणी विचारतच नसेल तर दुकानदार ठेवील कशाला? २२ सप्टेंबर २०२५ पासून लोण्यावरील वस्तू व सेवा कर बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला आहे. छोट्या उत्पादकालाही त्याचा थोडा हातभार लागावा. उरलेला हातभार गिऱ्हाइकानेच लावायचा आहे.

पंधरा मिनिटांची गोष्ट

मोठ्या गोष्टी गमावल्याची नोंद इतिहास घेतो. छोट्या गोष्टी कधी गेल्या, ते कळतही नाही. लोणी बाजारातून नाहीसे झाल्याची बातमी कोणत्याही वर्तमानपत्रात येणार नाही. एखाद्या घरात आजी थकते, साय साठवण्याचे भांडे वर माळ्यावर जाते आणि पुढच्या गोकुळाष्टमीला बाळकृष्णापुढे दुकानातल्या लादीचा पिवळा तुकडा ठेवला जातो. देव तोही गोड मानून घेईल. पण ज्याच्या लोणीचोरीच्या गोष्टी ऐकत मुले वाढतात, त्याने नेमके काय चोरले होते, हे त्या मुलांना जिभेने कळले नाही, तर ती गोष्ट त्यांच्यापुरती निम्मी कोरडीच राहील.

म्हणून गिरगावातल्या त्या घराकडे पुन्हा जावे. पुढची गोकुळाष्टमी आहे. चौकात दोर बांधले जात आहेत. या वेळी आजीने लोण्याची वाटी सकाळच्या चहाच्या आधी बाहेर काढली आहे आणि तिच्या सांगण्यावरून नातू चमच्याच्या पाठीने लोणी रगडतो आहे. तव्यावर पाव शेकला जातो. लोणी कडेपर्यंत पोचते, कुठे ढेकूळ नाही, कुठे फाटलेले नाही. पहिला घास घेतल्यावर तो काही बोलत नाही. दुसरा पाव मात्र स्वतःच तव्यावर ठेवतो.

लोण्याचा दोष कधीच नव्हता.